शेजारच्या सीटखालचा ब्रेक

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकलेला मी आधीपासूनच आहे. सकाळपासून टेबलाखाली शिरून वायरी बांधत होतो, तेव्हा तुझ्यासाठी वेगळं वाकावं लागलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की व्यायामाच्या वेळेला डॉक्टरांना नावं ठेवून तेवढ्यावरच भागवतेस? कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आई ठणठणीत, ही ठीक, बाबांची शुगर ताब्यात. मलाही तसं काही दुखत नाही, वाईट वाटतंय एवढंच, आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही. फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहितोय, असं तू म्हणशील. आत्या, तू फोन स्पीकरवर टाकतेस. तुझ्याकडे स्पीकरवर बोललेली गोष्ट संध्याकाळच्या आत तिखटमीठ लावून आमच्या घरी परत येते, आणि काही गोष्टी परत न आलेल्या बऱ्या.

वाईट बातमी आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. फिल्म गेली. तीच, बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची, जी करायचं फर्मान तूच काढलं होतंस. (लोकांची लग्नं आणि गाद्यांच्या जाहिराती कापत बसतोस, जरा बापाकडेही बघ, असे तुझे शब्द होते. मी विसरलेलो नाही.) गेली म्हणजे शूटिंग गेलं नाही हं. ज्यांना ज्यांना बाबांनी गाडी शिकवली त्यांचं बोलणं, जुने फोटो, तू पाठवलेलं रेकॉर्डिंग, सगळं जागच्या जागी आहे. गेली ती प्रोजेक्ट फाईल. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत ठेवला, कशामागून काय आलं, कुठे आवाज उतरवला, याची सगळी याद त्या एका फाईलीत असते. तुझ्या भाषेत सांगायचं तर लोकरीचे गुंडे शाबूत आहेत, आणि स्वेटर, फक्त कॉलर राहिली होती तेव्हा, उसवला.

तू म्हणशील, मग पुन्हा विण. विणतोच आहे. पण ती नुसती फिल्म नव्हती, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? स्कूल बंद झालं, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली ती डबल ब्रेकची गाडी भंगारात गेली आणि बाबा घरी बसले. सुरुवातीला त्यांनी आईला शिकवायला घेतलं. ती ओट्याशी, हे तिच्या शेजारी उभे. गॅस कमी कर, अजून कमी, आता सावकाश ढवळ, मागे सरकण्याआधी मागे बघ. इतकी वर्षं कुणालाही न धडकता जिने स्वयंपाक केला, तिने शेवटी पळी उगारून त्यांना बाहेर काढलं. मग ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. बोलणं नाही, भांडण नाही. खालच्या रस्त्यावर एक रिक्षावाला इंडिकेटर न देता वळला आणि बाबा काहीच बोलले नाहीत, तेव्हा आई घाबरली आणि तिने मला फोन केला. मी त्या सुमारास फिल्म जोडायला घेतली होती, सहज म्हटलं, बाबा, येऊन बघता का जरा. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, असा माणूस माझ्या दारात हजर. त्या दिवसापासून रोज. मला फिल्मपेक्षा त्या इस्त्रीच्या शर्टाची काळजी जास्त आहे, हे इथेच लिहून ठेवतो.

आता ते माझ्या शेजारी बसत, हे खरं सगळ्याचं मूळ. शेजारी बसलेला माणूस हा बाबांच्या मते गाडीतला खरा जबाबदार माणूस. स्टिअरिंगवाल्याचं काय, तो नुसता घाबरलेला असतो. त्यामुळे पडद्यावरचं चित्र जिथे थांबावंसं त्यांना वाटे तिथे त्यांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जाई. पाय दाबला की मी कट मारायचा, असं आमचं न बोलता ठरून गेलं. पुष्कळदा पाय बरोबर पडे. पण पुष्कळदा समोरचा माणूस ऐन रंगात आलेला असे, आणि त्याच्या मागून एखादा सायकलवाला जात असे, आणि बाबा ब्रेक दाबत. बाबांकडे गाडी शिकलेली ती दातांची डॉक्टर आठवते? पेशंटच्या तोंडात काही घालण्याआधी ती अजून मनातल्या मनात ‘आरसा, मग मान, मग हात’ म्हणते, ही तिची गोष्ट आम्ही तीन वेळा तोडली, कारण तिच्या खिडकीबाहेर एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. तो पार होईपर्यंत बाबांनी पाय काढला नाही. त्यात प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने आपणहून फाईलची एक प्रत काढून ठेवतो, तेव्हा चित्र क्षणभर अडतं. ते अडलं की बाबा ओरडत, बंद पडली, क्लच! हिला आधी वाटायचं की आम्ही भांडतोय. आम्ही भांडतही होतो म्हणा. शाळेत असल्यापासून माझं आणि त्यांचं एवढं सलग बोलणं कधी झालं नव्हतं, आणि सगळं कुठे थांबायचं यावरून.

अपघात तुझ्यामुळे झाला, आत्या. रागावू नकोस, पुढचं वाच. त्या दिवशी तुझं रेकॉर्डिंग लावलं होतं. (फोन उभा धरावा की आडवा हे न ठरवता आल्यामुळे तू तो मधेच फिरवला आहेस. तुझं अर्धं बोलणं आडवं पडून झालेलं आहे. ते मी सरळ केलं होतं, आता पुन्हा करतोय.) तू बाबांची पहिली विद्यार्थिनी, बागेजवळ गाडी वळवत होतीस आणि कडेचा लोखंडी बाक मोडलास, ही घरातली जगजाहीर गोष्ट तू तुझ्या पद्धतीने सांगितलीस, म्हणजे बाक जागेवर नव्हता, तो पुढे आला. आणि तू ‘मग एकदम समोर तो बाक’ म्हणालीस मात्र, बाबांनी जो ब्रेक तेव्हा दाबायला उशीर केला होता तो आता दाबला. सगळा जीव एकवटून. टेबलाखाली, नेमक्या त्या ठिकाणी, माझा वायरीचा बोर्ड पडलेला असतो आणि त्यावर लाल बटण असतं. (तो बोर्ड तिथून उचल, असं ही गेली दोन वर्षं सांगत होती. तू त्यात भर घालू नकोस, ती स्वतःच पुरेशी घालते आहे.) मी त्याच क्षणी फाईल सेव्ह करत होतो. एक टक् आवाज आला आणि आम्ही दोघं काळ्या पडद्यात एकमेकांकडे बघत राहिलो.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. फाईल काही उघडेना. खराब आहे, वाचता येत नाही, एवढंच उत्तर. माझ्या पाचावर धारण बसली, पण चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही, कारण माझ्याकडे बॅकअप होता. आत्या, बॅकअप या विषयावर मी किती बोलतो हे तुला माहीत नाही. लग्नाचं काम द्यायला आलेल्या नवऱ्यामुलाला मी आधी बॅकअपचं प्रवचन देतो, मग तारीख विचारतो. माझ्याकडे एक नव्हे, तीन प्रती असतात. एक दुसऱ्या डिस्कवर, एक चादरींच्या कपाटातल्या डिस्कवर, एक इंटरनेटवर. आणि सगळं आपोआप. मूळ फाईल बदलली की तिन्ही ठिकाणी जाऊन ती बदलते. तशी ती बदलली. मी नव्याने कॉम्प्युटर चालू करून कपाळ पुसेपर्यंत त्या तिन्ही जागी मोडकी फाईल जाऊन बसली होती, चांगलीला उठवून. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हे. आपोआप काढलेल्या प्रती जिथे असायच्या त्या फोल्डरात पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं.

मग जे जे करतात ते ते केलं. फाईलची नक्कल काढून तिचं नाव बदलून पाहिलं. नवीन प्रोजेक्टच्या पोटात ती फाईल घालून पाहिली. प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती शोधून तिला दाखवली, तर ती म्हणाली ही फाईल माझ्या जन्मानंतरची आहे. इंटरनेटवर एका भल्या माणसाने अगदी याच दुखण्यावर सविस्तर उत्तर लिहिलेलं सापडलं, हावरटासारखं वाचत शेवटपर्यंत गेलो, तर शेवटी लिहिलं होतं, ‘म्हणून नेहमी बॅकअप घ्यावा.’ शेवटी डिस्क रुमालात गुंडाळून गेलेला डेटा काढून देणाऱ्याकडे नेली. त्याच्या दुकानात बसायला बाक आणि बोलायला बंदी, असं वातावरण. त्याने डिस्क कानाशी धरली आणि मला विचारलं, कधीपासून अशी आहे? शेवटचं काय केलंत? घरात कुणाचा पाय लागला का? मी खाली मान घालून हो म्हणालो. चार दिवसांनी त्याने पिशवीभर फायली दिल्या, एकीलाही नाव नाही. त्यात मला माझा जुना भाडेकरार मिळाला, हिचा हरवलेला पासपोर्ट फोटो मिळाला, कुणाच्या तरी लग्नातला फक्त जेवणाचा भाग मिळाला. बाबांची फिल्म मिळाली नाही.

आणि आता जे मनाला टोचतंय ते. त्या काळ्या पडद्यासमोर बाबा इतकंच म्हणाले की माझाच पाय. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की बोर्ड माझा, तो तिथे मी टाकला, प्रती तपासायचं काम माझं. मी म्हणालो, असू द्या. पण कसं म्हणालो, तर आपण तुटलेल्या कपाबद्दल पाहुण्याला म्हणतो तसं. त्यांना ते बरोब्बर कळलं. ते आपल्या पायाकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्या पायाने लोकांना वाचवलं त्याच पायाकडे असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायचंही नाही. ते गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर रस्ता ओलांडायला किती वेळ उभे. मला वाटलं संपलं, उद्यापासून पुन्हा ती खुर्ची आणि ती खिडकी. रात्री जेवण गेलं नाही. (ही म्हणाली, तुझ्यासाठी केलेलं तसंच आहे. मग थोडं गेलं.)

पण दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि बाबा इस्त्रीच्या शर्टात उभे. म्हणाले, जो नापास झाला त्याची पुन्हा परीक्षा घ्यायची असते, चल, पहिल्यापासून. तेव्हापासून आम्ही पहिल्यापासून करतोय. फरक एकच. बाबा आता खुर्चीत मांडी घालून बसतात. पाय खाली सोडतच नाहीत. बोर्ड मी भिंतीवर ठोकला आहे, टेबलाखाली आता एक टाचणीसुद्धा नाही, हे त्यांना वाकून वाकून दाखवलं, तरी नाही. पायाला मुंग्या येतात, तासाभराने उठताना टेबल धरावं लागतं, पण पाय वर. आणि कट कुठे मारायचा ते आता बोट उचलून सांगतात, तेही परवानगी मागितल्यासारखं. पहिल्या वेळी आम्ही भांडून भांडून जे केलं होतं ते दुसऱ्यांदा इतक्या गुण्यागोविंदाने होतंय की माझा जीव रमत नाही. सायकलवाला आला तरी ते काही बोलत नाहीत. दातांच्या डॉक्टरचं सगळं बोलणं या वेळी अखंड गेलं, आणि ते इतकं लांबलं की मलाच मधे ब्रेक दाबावासा वाटला. फिल्म बहुधा पहिल्यापेक्षा नीटनेटकी होईल. मला ती अव्यवस्थितच हवी होती, हे मला आता कळलं, आणि आता कळून काय उपयोग.

असो. तुला फिल्म उशिरा मिळेल, त्याबद्दल क्षमा असावी. औषधं वेळेवर घे. तुझ्याकडे सगळ्यांना माझा नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद सांग, आणि जे मला लहानही वाटत नाहीत आणि मोठेही नाहीत त्यांना काहीच सांगू नकोस.

तुझा
बोर्डवाला भाचा

ता. क. फाईल सापडली. ओरडू नकोस, शेजारी जमतील. झालं असं की गादीवाल्याचा फोन आला, त्याच्या जाहिरातीतली बाई गादीवर पडताना सुखी न दिसता दमलेली दिसते, ते बदला म्हणून. त्याचं फोल्डर उघडलं, तर आत गाद्यांच्या मधोमध बाबांची फिल्म. आपोआप निघणाऱ्या प्रती कुठे ठेवायच्या ते मी मागे त्याच्या कामाच्या वेळी प्रोग्रॅमला सांगितलं होतं आणि नंतर बदलायचं विसरलो होतो. प्रोग्रॅम बिचारा इमानेइतबारे सगळं तिथे नेऊन टाकत होता. शेवटची प्रत बाबांचा पाय पडायच्या किंचित आधीची. उघडली. सगळं जागेवर, सायकलवाल्यासकट. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि लहान मुलासारखा रडलो. ही बाजारात गेली होती म्हणून निभावलं.

ता. क. दुसरा. हे कालपरवाचं नाही. सापडून बरेच दिवस झाले. त्याच सकाळी सांगणार होतो. पण बाबा आले ते जिना चढतानाच बोलत आले की त्यांच्याकडे शिकलेल्या त्या बेकरीवाल्याच्या बोलण्याला नवीन सुरुवात सुचली आहे, आणि माझा हात आपोआप गेला आणि त्याने फाईल बंद केली. मग उद्या सांगू म्हटलं. मग परवा. ते मांडी घालून बसतात, रोज ठरवतो की आज सांगायचंच, आणि रोज त्यांच्या शर्टाच्या घडीकडे बघून पुढचा तुकडा लावतो. एका शब्दाने ज्याचा भार हलका होईल त्याला तो शब्द न सांगणं हे चांगलं नाही, मला कळतं. पण सांगितलं की फिल्म पूर्ण, आणि फिल्म पूर्ण की खिडकी. तेव्हा माझी खरी विनंती अशी की फिल्म येईल तेव्हा तुला ती आवडू नये. बाकाच्या गोष्टीवर अन्याय झाला म्हण, फोटो अंधारे आहेत म्हण, काहीही म्हण, तुला नावं ठेवायला शिकवायची गरज नाही. परत पाठव. आणि यातलं बाबांना काही कळू देऊ नकोस.

ता. क. शेवटचा. वाचून झालं की हा कागद फाडून टाक. प्रत ठेवू नकोस. (हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितोय.)

ताई, नमस्कार. अक्षर ओळखशीलच. चिरंजीव पत्र टेबलावर टाकून गादीवाल्याकडे गेले आहेत. लिफाफ्याला डिंक लावलेला नाही. सगळ्याचा बॅकअप घेतो, पाकीट बंद करत नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला समजतं, पण वरच माझी शुगर दिसली म्हणून वाचलं. फाईल सापडली हे मला त्याच दिवशी कळलं आहे. मी आलो तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आत फिल्म चालू होती. बाक आला, मोडला, तरी बंद पडली नाही, नव्याने अजून न जोडलेला पुढचा भागही आला, तेव्हा समजलो. जिन्यातच उभा राहून शेवटपर्यंत ऐकली. आत पोरगं रडत होतं. मग तळमजल्यापर्यंत खाली उतरलो आणि मोठमोठ्याने बोलत पुन्हा चढलो, त्याला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. पायाचं मनाला लागलं होतं ते त्या जिन्यातच गेलं. मांडी आता सवयीने घालतो. त्याला हे सांगू नकोस. पत्र मीच चिकटवून टाकतो, विचारलं तर म्हणेन, बंद पाकीट दिसलं, टाकलं. फिल्म आली की तो म्हणतो तशीच नापसंत कर, आणि चांगली दोनदा कर. ताई, ती पूर्ण झाली, तर मी रोज सकाळी उठून मुलाच्या घरी काय म्हणून जाऊ?